शिलाईच्या चिंध्यांतून कापडी फुले: कापड पारखण्यापासून तोरण ओवण्यापर्यंत

शिलाई मशीनजवळच्या पोत्यात जे तुकडे साठत जातात ते सगळे एका जातीचे नसतात, आणि ते एकाच जातीचे समजून कापल्यामुळेच बहुतेक कापडी फुले बिघडतात. विदर्भातल्या एखाद्या खेड्यात ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश आणि लग्नसराईतले घागरे शिवणाऱ्या ताईंच्या पोत्यात टू बाय टू रुबिया (ब्लाउजचे तलम कापड), अस्तराचे सुती कापड, परकराचे पॉपलीन, गणवेशाचे टेरिकॉट, सॅटिन, जॉर्जेट, नेट आणि क्वचित एखाद्या करवतकाठी साडीच्या ब्लाउजपीसचा टसरचा तुकडाही सापडतो. यातले प्रत्येक कापड निराळ्या रीतीने वळते, प्रत्येकाचे धागे निराळ्या रीतीने सुटतात आणि ज्योतीजवळ नेल्यावर प्रत्येकाचे वेगळेच काहीतरी होते. त्यामुळे आधी फूल ठरवून मग त्यासाठी कापड शोधत बसू नये. हातात आहे ते कापड कोणत्या फुलाला योग्य आहे हे आधी पाहावे आणि मगच कात्री उचलावी, असे माझे ठाम मत आहे. पुढची सगळी कृती याच क्रमाने सांगितली आहे.

तुकडे निवडणे आणि पारखणे

पोते जमिनीवर रिकामे करून आधी आकाराप्रमाणे वाटणी करावी. खोल गळ्याच्या ब्लाउजमधून निघालेला गळ्याचा तुकडा हा सर्वांत उपयोगी असतो, कारण तो बऱ्यापैकी रुंद असतो आणि त्यातून अडीच इंचांची दोन-तीन वर्तुळे सहज निघतात. मुंढ्याच्या आणि बाहीच्या कापातून निघणारे लांबट तिरपे तुकडे पट्ट्यांसाठी बाजूला ठेवावेत. परकराच्या कळ्या कापताना उरणाऱ्या त्रिकोणी तुकड्यांतून चौकोन काढता येतात. दोन बोटांपेक्षा लहान असलेली कातरण टाकून देऊ नये. ती फुलांच्या मध्यभागी भरण्यासाठी एका पिशवीत जमा करावी, पण तिच्यापासून पाकळ्या काढण्याचा आग्रह मात्र धरू नये.

आकारानंतर कापडाची जात पाहावी. हाताला सवय झाली की स्पर्शाने जात कळते, परंतु सॅटिन आणि जॉर्जेट यांच्या बाबतीत स्पर्श फसवतो, म्हणून शंका असेल तेथे जाळून पाहणे हा खात्रीचा मार्ग आहे. कापडाच्या कडेचे चार-सहा धागे ओढून काढावेत, ते चिमट्यात धरावेत आणि खाली स्टीलची ताटली ठेवून मेणबत्तीच्या ज्योतीजवळ न्यावेत. सुती धागा लगेच पेटतो, कागद जळाल्याचा वास येतो आणि बोटांनी चुरडली जाणारी मऊ, राखाडी राख उरते. पॉलिएस्टरचा धागा ज्योतीपासून आधी आखडतो, मग वितळतो आणि थंड झाल्यावर त्याची कडक काळी गाठ होते, जी बोटांनी फुटत नाही. रेशीम आणि टसर सावकाश जळतात, केस जळल्याचा वास येतो आणि काळी ठिसूळ राख पडते. टेरिकॉटमध्ये सूत आणि पॉलिएस्टर दोन्ही असल्यामुळे त्याची राख मऊ असते, पण तिच्यात कडक कण लागतात. ही परीक्षा एवढ्यासाठी महत्त्वाची आहे की ज्योतीवर कडा बसवण्याची पद्धत केवळ वितळणाऱ्या कापडावर चालते. सुती कापडाची कड वितळत नाही, ती पेटते, आणि टेरिकॉटची कड काळी पडते.

यानंतर रंग पारखावा. लाल, मरून आणि गडद निळे सुती तुकडे पुष्कळदा रंग सोडतात, आणि असा तुकडा पांढऱ्या पाकळीशेजारी शिवला तर पहिल्याच पावसाळी दमटपणात पांढरी पाकळी डागाळते. पांढरे फडके ओले करून तुकड्यावर घट्ट घासावे. फडक्यावर रंग उतरला तर तो तुकडा साध्या पाण्यातून, पाणी निवळ येईपर्यंत काढावा किंवा केवळ गडद फुलांसाठी ठेवावा.

शेवटी कापडाच्या धाग्यांची दिशा पाहावी. तुकडा दोन्ही हातांनी ओढला असता ज्या दिशेने तो अजिबात ताणला जात नाही तो उभा धागा, ज्या दिशेने किंचित ताणला जातो तो आडवा धागा आणि ज्या तिरक्या दिशेने तो सर्वांत अधिक ताणला जातो तो उरेब. शिलाई करणाऱ्यांना गळ्याची पट्टी उरेब का कापतात हे सांगायला नको. तेच कारण येथेही लागू पडते, कारण उरेब पट्टीचे धागे फारसे सुटत नाहीत आणि ती वळणावर सुरकुती न पडता बसते. गुलाबाची पट्टी नेहमी उरेब असावी, झेंडूची पट्टी नेहमी सरळ धाग्यावर असावी, आणि वर्तुळांना दिशेचे बंधन नाही, एवढे लक्षात ठेवले तरी अर्धे काम सोपे होते.

साधने आणि खळ

यासाठी वेगळी खरेदी करण्याची गरज नाही. कापडाची धारदार कात्री, हातशिलाईची आठ किंवा नऊ नंबरची सुई, पक्का दोरा, खडू, टाचण्या, जुन्या खोक्याचा पुठ्ठा आणि चिमटा एवढ्यावर काम भागते. चुण्या ओढताना ताण दोऱ्यावर येतो, म्हणून तेथे साधा सुती दोरा न वापरता पॉलिएस्टरचा दोरा दुहेरी करून घ्यावा आणि त्याची लांबी एका हातापेक्षा अधिक ठेवू नये, कारण लांब दोरा प्रत्येक टाक्याला गुंततो.

वर्तुळे आखण्यासाठी बांगडीसारखे माप दुसरे नाही. आपल्याकडे बांगडीचे माप इंच आणि इंचाचे सोळावे भाग यांत सांगतात, त्यामुळे दोन-चारची बांगडी आतून बरोबर सव्वादोन इंचांची आणि दोन-आठची बांगडी आतून अडीच इंचांची असते. घरातल्या वेगवेगळ्या मापांच्या जुन्या बांगड्या आतल्या कडेने पुठ्ठ्यावर गिरवून ते गोल कापून ठेवले की वर्तुळांचा संच तयार होतो. मोठ्या वर्तुळांसाठी वाटी आणि डब्याचे झाकण वापरावे.

सुती आणि रुबियाच्या तुकड्यांना खळ दिली तर पाकळी उभी राहते आणि कापतानाही तुकडा सरकत नाही. मोठा एक चमचा साबुदाणा तासभर भिजवून दोन पेले पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवावा आणि फडक्यातून गाळून घ्यावा. घरात भाताची पेज असेल तर ती पातळ करूनही चालते. तुकडे या खळीत बुडवून, हलक्या हाताने दाबून, सपाट पसरून सावलीत वाळवावेत आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करावी. उन्हाळ्यात आपल्याकडे हे काम काही मिनिटांत होते, पण पावसाळ्यात तुकडे दुसऱ्या दिवसापर्यंत ओले राहून त्यांना वास लागतो, म्हणून पोळा आणि महालक्ष्म्यांसाठी (गौरींसाठी) लागणारे कापड मृग लागण्याआधीच खळ देऊन, इस्त्री करून ठेवणे शहाणपणाचे ठरते. सॅटिन, जॉर्जेट आणि टसर यांना खळ देऊ नये. टसरची मूळची चमक खळीने मंदावते आणि तीच तर त्याची शोभा आहे.

चुण्यांची चकती

नव्याने शिकणाऱ्यांनी आरंभ चुण्यांच्या चकतीपासून करावा, कारण तिच्यात धावदोऱ्यावर हात बसतो आणि हा हात पुढे प्रत्येक फुलात लागतो. सुती कापडाचे चार इंचांचे वर्तुळ घ्यावे, कड उलट्या बाजूला पाव इंच दुमडत जावे आणि दुमडलेल्या कडेलगत धावदोरा घालत पूर्ण फेरी करावी. फेरी पूर्ण झाल्यावर दोरा ओढला की कड मध्यभागी गोळा होते आणि सुमारे पावणेदोन इंचांची चकती तयार होते. येथे एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. टाके बारीक घातले तर चुण्या जास्त पडतात, त्या मध्यभागी दाटी करतात आणि भोक मोठे राहते. टाके पाऊण ते एक सेंटिमीटर असे लांब घातले तर चुण्या मोजक्या पडतात आणि भोक जवळजवळ मिटते. बारीक टाका म्हणजे चांगली शिलाई हे मशीनवरच्या कामाला खरे असले, तरी चुण्यांच्या कामात लांब आणि सारखा टाकाच चांगला.

ही चकती एकटीही शोभते, पण मोठ्या फुलाचा मध्य म्हणून किंवा तोरणात दोन फुलांच्या मधली जागा भरण्यासाठी ती अधिक उपयोगी पडते.

पाकळ्यांचे फूल आणि कपाशीचे फूल

पाच पाकळ्यांच्या साध्या फुलासाठी अडीच इंचांची पाच वर्तुळे कापावीत. प्रत्येक वर्तुळ मधोमध दुमडून अर्धगोल करावा, त्याच्या गोल, उघड्या कडेला दोन्ही पदर एकत्र घेऊन धावदोरा घालावा आणि ओढावा. सरळ घडीची बाजू वर येऊन तिची गोलसर पाकळी होते. दोरा न तोडता त्याच दोऱ्यावर दुसरे वर्तुळ घ्यावे आणि याप्रमाणे पाचही पाकळ्या एका दोऱ्यात ओवल्यावर पहिल्या पाकळीच्या सुरुवातीला सुई घालून फूल बंद करावे व मागे दोन वेळा पक्की गाठ मारावी.

टोकदार पाकळी हवी असल्यास वर्तुळाऐवजी अडीच इंचांचा चौकोन घ्यावा. तो कोनाकोनी दुमडून त्रिकोण करावा, घडीच्या दोन्ही टोकांचे कोपरे वळवून तिसऱ्या, म्हणजे उघड्या कडा जेथे मिळतात त्या कोपऱ्यावर आणावेत आणि खालच्या दोन उघड्या बाजूंवरून धावदोरा घालून ओढावा. या घडीत कापडाची एकही कच्ची कड वरून दिसत नाही, म्हणून धागे सुटणाऱ्या रुबियाला आणि टसरला हीच पाकळी सर्वांत योग्य आहे. जपानमध्ये केसांत माळण्याची कापडी फुले रेशमाचे लहान चौकोन दुमडूनच करतात. तिकडे घडी चिमट्याने घालून खळीने चिकटवतात, आणि आपण ती सुईने बांधतो.

या दोन पाकळ्या जमल्या की गुलाब, जास्वंद, चाफा असे काहीही करता येते, परंतु विदर्भात बसून कापडाचे फूल करायचे आणि ते कपाशीचे करायचे नाही, हे मला पटत नाही. सुताचा तुकडा जेथून आला त्या झाडाचे फूल सुतातच उभे करण्यात एक औचित्य आहे, शिवाय ते बाजारात तयार मिळत नाही. आधी शेतात जाऊन फूल नीट पाहावे. पाती, म्हणजे कपाशीची कळी, उमलली की पहिल्या दिवशी संकरित कपाशीचे फूल दुधी, किंचित पिवळसर पांढरे असते आणि दुसऱ्या दिवशी तेच गुलाबी पडते. पाच रुंद पाकळ्या असतात आणि प्रत्येक पाकळीची एक कड शेजारच्या पाकळीखाली गेलेली असते, त्यामुळे वरून पाहिले असता फूल एका दिशेने पिळल्यासारखे दिसते. खाली फुलाला धरून तीन हिरवी, रुंद, दातेरी पाने असतात. देशी कपाशीचे फूल बहुधा पिवळे असते आणि त्याच्या तळाशी गडद तांबडा ठिपका दिसतो.

हे सर्व कापडात आणण्यासाठी दुधी रंगाचे अस्तर किंवा रुबिया घ्यावे आणि वर्तुळे तीन इंचांची कापावीत, कारण येथे पाकळी रुंद हवी. प्रत्येक पाकळीच्या चुण्या वेगळ्या ओढून वेगळी गाठ मारावी. एका दोऱ्यात ओवल्यास पाकळ्या शेजारी शेजारी बसतात आणि एकीखाली एक जात नाहीत. दहा रुपयांच्या नाण्याएवढी बकरमची, म्हणजे कॉलरीत घालतात त्या कडक कापडाची, चकती घेऊन तिच्यावर पहिली पाकळी टाचावी, दुसरी तिच्यावर पाव भाग चढवून टाचावी, असे करत पाचव्या पाकळीची मोकळी कड पहिलीच्या खाली सारावी. ही शेवटची कड खाली सारली नाही तर पिळाचा आभास होत नाही, म्हणून पहिली पाकळी टाचताना तिची एक बाजू आरंभापासूनच सुटी ठेवावी. मध्यभागासाठी पिवळ्या दोऱ्याचे पंधरा-वीस फेरे दोन बोटांवर घेऊन मधोमध बांधावेत, फेऱ्यांच्या दोन्ही बाजू कापून बारीक झुपका करावा आणि तो पाकळ्यांच्या मध्ये शिवावा. खालच्या तीन पानांसाठी हिरव्या पॉपलीनचे दुहेरी तुकडे खळीने एकमेकांना चिकटवून वाळवावेत आणि मगच त्यांना दाते कापावेत. चिकटवल्यामुळे दात्यांचे धागे सुटत नाहीत. एकाच फांदीवर एक दुधी फूल, एक गुलाबी फूल आणि हिरव्या कापडात चिंध्या भरून केलेले एक बोंड असे तिन्ही लावले, तर पाहणारा शेतकरी फूल कितव्या दिवसाचे आहे हेही सांगू शकतो.

उरेब पट्टीचा गुलाब

गुलाबाला तीन इंच रुंद आणि साधारण २४ इंच लांब उरेब पट्टी लागते. एवढी लांब पट्टी चिंध्यांत मिळत नाही, म्हणून लहान उरेब तुकडे गळ्याच्या पट्टीप्रमाणे तिरक्या शिलाईने जोडावेत आणि जोड उलगडून इस्त्री करावी. दोन जवळच्या छटा जोडल्या तर गुलाब अधिक जिवंत दिसतो, त्यामुळे तुकड्यांचे आखूडपण येथे गुणच ठरते. पट्टी लांबीत दुमडून दीड इंचाची करावी, घडीवर इस्त्री फिरवू नये, दोन्ही टोके तिरपी कापावीत आणि उघड्या कडेला लांब टाक्यांचा धावदोरा घालून पट्टी दोन-तृतीयांश लांबीची होईल इतक्याच चुण्या ओढाव्यात.

आता एका टोकाकडून गुंडाळायला सुरुवात करावी. पहिले दोन फेरे घट्ट घ्यावेत आणि तळाशी सुई आरपार घालून बांधावेत. पुढचे फेरे सैल होत जावेत आणि प्रत्येक फेऱ्याचा तळ आधीच्या तळापेक्षा किंचित वर घ्यावा, म्हणजे बाहेरच्या पाकळ्या खाली न लोंबता मधल्या कळीभोवती उभ्या राहतात. प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला तळाशी दोन टाके घालणे आवश्यक आहे. सगळा गुलाब गुंडाळून मग शेवटी एकदम शिवला तर मधली कळी खाली सरकून बाहेर निघते.

टसरचा किंवा करवतकाठी काठाचा तुकडा हाती आला असेल तर त्याची पट्टी मात्र उरेब कापू नये, कारण काठावरची करवतीच्या दात्यांची नक्षी सरळ धाग्यावरच अखंड राहते. अशा पट्टीला घडी न घालता काठ बाहेरच्या बाजूला ठेवून आतल्या कडेला चुण्या घालाव्यात. एकाच फेऱ्याचे, सपाट, काठाचे फूल तयार होते आणि मध्ये कापडी बटण लावले की ते शालीवर किंवा पिशवीवर लावण्याजोगे होते.

झेंडू

झेंडूसाठी जाड विणीचे सुती कापड, विशेषतः खादी, सर्वांत चांगले असते. तीन इंच रुंद आणि जवळजवळ २० इंच लांब सरळ पट्टी लांबीत दुमडावी, उघडी कड टाचून घ्यावी आणि घडीच्या बाजूने दर एक सूत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या अंतरावर, एक इंच खोल काप देत जावे. तळाचा अर्धा इंच न कापता सोडावा. ही पट्टी तळाशी हलक्या चुण्या घालून गुंडाळली आणि तळ बांधला की फासांच्या दाट पाकळ्यांचा झेंडू उमलतो. केशरी आणि पिवळी अशा दोन पट्ट्या एकावर एक ठेवून गुंडाळल्यास रंगाला खोली येते. काप देण्याऐवजी पट्टीच्या एका कडेचे लांबीला समांतर असलेले धागे एकेक करून ओढून काढले तर बारीक झालर तयार होते आणि तिची शेवंती होते, पण या कामाला संयम लागतो आणि घट्ट विणीच्या पॉपलीनमध्ये ते करू नये, कारण त्यात धागे तुटत राहतात.

सॅटिनची फुले आणि ज्योत

जाळून पाहताना जे कापड वितळले तेवढेच येथे घ्यावे. तीन इंच, पावणेतीन, अडीच, सव्वादोन आणि दोन इंच अशी उतरत्या मापाची वर्तुळे कापावीत, प्रत्येकाला बाहेरून केंद्राच्या दिशेने त्रिज्येच्या अर्ध्यापर्यंत पाच काप द्यावेत आणि कडा ज्योतीच्या बाजूने फिरवाव्यात. ज्योतीच्या टोकावर कापड धरल्यास काजळी बसते आणि फिकट रंग काळवंडतो. ज्योतीच्या खालच्या, निळसर भागाशेजारी, स्पर्श न करता, कापड हलते ठेवावे. कड आत वळू लागली की लगेच बाजूला घ्यावे. सर्व वर्तुळे मोठ्यावर लहान अशी, पाकळ्या एकाआड एक येतील अशा बेताने रचून मध्ये मणी शिवावा.

या कामात निष्काळजीपणा नको. वितळलेल्या पॉलिएस्टरचा थेंब त्वचेला चिकटतो आणि भाजणे खोल होते, म्हणून तुकडा नेहमी चिमट्यात धरावा, हाताशी पाण्याचे भांडे ठेवावे, पदर आणि केस बांधून घ्यावेत आणि काम करताना अंगावर सुती कपडे असावेत. चिंध्यांचे पोते त्या खोलीतसुद्धा ठेवू नये, पंखा बंद ठेवावा, खिडकी मात्र उघडी ठेवावी, आणि लहान मुलांना हे काम अजिबात देऊ नये. मुलांना चकत्या ओवायला द्याव्यात.

मागची बाजू

फुलाचा टिकाऊपणा मागच्या बाजूवर ठरतो आणि नेमकी तीच बाजू घाईत केली जाते. जुन्या जीन्सची किंवा बकरमची फुलाच्या निम्म्या मापाची चकती कापून ती मागे काजाच्या टाक्याने शिवावी. सेफ्टीपिन, केसांची क्लिप किंवा रबर लावायचे असल्यास ते आधी या चकतीला शिवून मग चकती फुलाला लावावी, म्हणजे ओढ पाकळ्यांवर न येता चकतीवर येते. गरम गोंदाच्या बंदुकीने काम लवकर होते हे खरे, पण वीज गेली की हात थांबतात आणि मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली किंवा गाडीच्या काचेमागे तो गोंद मऊ पडून फुले सुटतात. विकायच्या फुलांना तरी सुईचाच आधार द्यावा.

मध्यभागासाठी जुन्या शर्टाचे बटण कापडात मढवावे. बटणाच्या दुप्पट मापाचे वर्तुळ, कडेला धावदोरा, आत बटण, दोरा ओढून गाठ, एवढेच करायचे असते.

तोरण, महालक्ष्म्या आणि पोळा

तीन फूट रुंद दारासाठी अडीच इंचांची बारा फुले पुरतात, कारण अर्ध्या इंचाचे अंतर धरून प्रत्येक फुलाला तीन इंच लागतात. दुहेरी, पीळ दिलेल्या सुती दोरीवर फुले ओवू नयेत, दोरीला मागच्या चकतीने शिवावीत, म्हणजे ती उलटी फिरत नाहीत. दोन्ही टोकांना चुण्यांच्या चकत्यांच्या लडी सोडाव्यात. महालक्ष्म्यांच्या मखराला तीन दिवस ताज्या फुलांच्या माळा टवटवीत ठेवणे कठीण असते, तेथे मागच्या पडद्यावर कापडी झेंडू आणि देवीच्या अंगावर ताजी फुले अशी वाटणी चांगली दिसते.

पोळ्याला बैलाच्या झुलीवर फुले लावताना मात्र वेगळा विचार करावा. झुलीवरच्या फुलात तार, टाचणी, सेफ्टीपिन, बटण किंवा मणी अजिबात नसावा आणि फूल झुलीला चारही बाजूंनी पक्के शिवलेले असावे, कारण बैल शेजारच्या बैलाची झूल चाटतात, ओढतात, आणि पोटात गेलेली चिंधी किंवा धातू जनावराच्या जिवावर बेतू शकतो. शिंगांना आणि तोंडाजवळ ही फुले बांधू नयेत. दुसऱ्या दिवशीच्या, मुलांच्या तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीला अशी अडचण नसते. त्याला सॅटिन, मणी, टिकल्या सगळे शोभते, आणि नंदी लहान असल्यास दीड इंचांच्या वर्तुळांची फुले करावीत.

बचत गटात ही फुले विक्रीसाठी करायची असतील तर एकाच बाईने पूर्ण फूल करण्यापेक्षा एकीने वर्तुळे कापणे, दोघींनी पाकळ्या ओढणे आणि सर्वांत सफाईदार हात असलेल्या बाईने बांधणी व मागची बाजू करणे, अशी वाटणी ठेवल्यास फुले एकसारखी होतात. चिंध्या फुकटच्या आहेत म्हणून फुलांची किंमत कमी लावू नये. दहा फुले करायला लागलेला वेळ घड्याळ लावून मोजावा, गावातल्या रोजीप्रमाणे त्याची मजुरी धरावी, दोरा, क्लिप आणि मणी यांचा खर्च मिळवावा आणि मगच भाव ठरवावा.

सणानंतर फुले झटकून, मऊ ब्रशने धूळ काढून, कोरड्या पत्र्याच्या डब्यात एकावर एक दाब न देता ठेवावीत. खळीच्या कापडाला कसर लागते, म्हणून डब्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला पातळ फडक्यात बांधून ठेवावा आणि पावसाळा संपताच डबा एकदा उघडून फुलांना सावलीत वारा द्यावा. धुण्याची वेळ आलीच तर फुले रिठ्याच्या कोमट पाण्यात न चोळता बुडवून काढावीत, टॉवेलवर उलटी ठेवून निथळू द्यावीत आणि ओलसर असतानाच एकेक पाकळी बोटांनी पुन्हा आकारात बसवावी.